मशीहा ओळखायचा कसा? रब्बी अकिवा, बर कोखबा आणि नाकारणारे लोक

रेवदंडा_पाखाडी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात शेजारच्या मावशींकडे मलिदा होता. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहूदी. आमच्या अलिबाग भागात जुनी माणसं त्यांना अजून शनवार तेलीच म्हणतात. नातवाला नोकरी लागली म्हणून बोललेला नवस फेडायचा होता. मोठ्या परातीत भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं रचलेली, आणि घरातले सगळे मिळून 'एलियाहू हन्नाबी' म्हणत होते. मशीहाच्या, म्हणजे देवाने पाठवलेल्या तारणाऱ्याच्या, आधी संदेष्टा एलियाहू येणार, ही त्यांची श्रद्धा. मी सहज विचारलं, "मावशी, पण मशीहा आला तर तो तोच आहे हे कळणार कसं?" मावशींनी पोह्यांत हात चालवता चालवता उत्तर दिलं, "त्यात कळायचंय काय? लढाया थांबतील, मंदिर उभं राहील. नाही राहिलं तर तो नव्हे."

घरी आलो तरी ते उत्तर डोक्यातून जाईना. कारण इ.स. १३२ मध्ये यहूदियात, म्हणजे यरुशलेमच्या आसपासच्या प्रांतात, नेमका हाच प्रश्न जिवंत माणसांपुढे उभा होता, आणि त्या काळच्या सर्वांत मोठ्या गुरूने त्याचं उत्तर चुकीचं दिलं.

रब्बी अकिवा. परंपरा सांगते की चाळिशीपर्यंत हा माणूस मेंढपाळ होता, अक्षरओळखही नव्हती. पुढे त्याच्या हाताखाली तोराहच्या, म्हणजे यहूदी धर्मशास्त्राच्या, अभ्यासाची अख्खी पिढी तयार झाली. रोमविरुद्ध शिमोन बर कोसिबा नावाचा सेनानी उठला तेव्हा अकिवांनी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हा राजा मशीहा." गणनाच्या पुस्तकातलं 'याकोबातून तारा निघेल' हे वचन त्यांनी त्याला लावलं. अरामी भाषेत तारा म्हणजे कोखबा. त्यावरून तो बर कोखबा, ताऱ्याचा पुत्र, झाला.

तिथेच बसलेल्या रब्बी योहानान बेन तोर्ता यांनी उत्तर दिलं, "अकिवा, तुझ्या गालांतून गवत उगवेल, तरी दावीदाचा पुत्र आलेला नसेल." दावीदाचा पुत्र म्हणजे दावीद राजाच्या वंशातला मशीहा.

मला या दोघांमध्ये रस आहे. धर्म एक, ग्रंथ एक, प्रार्थना एक. समोरचा माणूसही एकच. मग एकाला तारा दिसला आणि दुसऱ्याला दिसला नाही, असं का? अकिवा भोळे नव्हते आणि बेन तोर्ता अश्रद्ध नव्हते. 'ज्यूंनी मशीहा का नाकारला' हा प्रश्न आपल्याकडे नेहमी एका साच्यात विचारला जातो, जणू काही एक यादी होती आणि तिच्यावर फक्त बरोबर-चूक करायचं होतं. जाणकारांनी लिहावं. मला आधी स्वीकारणाऱ्यांची बाजू नीट समजून घ्यायची आहे.

---

जुनी_नाणी

धाग्याबद्दल आभार. स्वीकारणाऱ्यांच्या बाजूने मी लिहितो, कारण माझा रस्ता नाण्यांवरून जातो.

आधी काळ बघा. रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळलं इ.स. ७० मध्ये. पहिलं मंदिर बाबेलच्या लोकांनी इ.स.पू. ५८६ मध्ये पाडलं होतं आणि साधारण ७० वर्षांनी, इ.स.पू. ५१६ च्या सुमारास, दुसरं उभं राहिलं. यिर्मयाच्या पुस्तकात ७० वर्षांचं वचन आहेच. आता १३२ सालच्या माणसाच्या जागी उभे राहा. मंदिर पडून ६२ वर्षं झाली आहेत. आजोबांनी मंदिर डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्याच्या गोष्टी घरात रोज होतात. वचन पुरं व्हायला थोडीच वर्षं उरली आहेत. आणि अशा वेळी सम्राट हाद्रियान यरुशलेमच्या जागी एलिया कापितोलिना नावाचं रोमी नगर वसवायला निघतो. कासियस डिओ हा रोमी इतिहासकार लढाईचं कारण म्हणून तेच सांगतो. म्हणजे 'मंदिर परत होईल' ही आशा कायमची पुसली जाणार, हे समोर दिसत होतं.

मग एक माणूस उठतो आणि रोमनांना खरोखर मागे रेटतो. एखाद्या टेकडीवरची धुसफूस नव्हती ती. दोन-तीन वर्षं त्याचं राज्य चाललं. त्याने जमिनी खंडाने दिल्या, कागदपत्रं केली, नाणी पाडली. नवीन नाणं पाडायला वेगळा धातू घेतला नाही. बाजारात चालणारी रोमी नाणीच घेतली आणि त्यांवर आपला ठसा मारला. काही नाण्यांवर नीट बघितलं तर सम्राटाच्या चेहऱ्याची कड, त्याच्या नावातली दोन-चार अक्षरं खालून अजून डोकावतात. वर मंदिराचा दर्शनी भाग, चार खांब, आणि काहींवर मंदिराच्या माथ्यावर ताऱ्यासारखी खूण. बाजूला प्राचीन हिब्रू लिपीत 'यरुशलेमच्या स्वातंत्र्यासाठी'. पहिल्या वर्षाच्या नाण्यांवर तर 'इस्राएलच्या मुक्तीचं वर्ष पहिलं'.

असं नाणं हातात घेऊन भाजी आणायला गेलेल्या माणसाला 'हा मशीहा नसेल' हे पटवून देणं किती अवघड गेलं असेल. चमत्काराची गरजच नव्हती. कालपर्यंत ज्या नाण्यावर सम्राटाचा चेहरा होता, त्याच्यावर आज मंदिर होतं.

---

शब्दवेडी

मशीहा या शब्दापासूनच गोंधळ सुरू होतो, म्हणून थोडं त्यावर.

मशीहा म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. राजा अभिषिक्त, महायाजकही अभिषिक्त. यशयाच्या ४५व्या अध्यायात देव चक्क पर्शियाचा राजा कोरेश (सायरस) याला 'माझा अभिषिक्त' म्हणतो, कारण त्याने बंदिवानांना घरी जाऊ दिलं. तो तर यहूदीही नव्हता! म्हणजे मूळ शब्दात 'देवाने एका कामासाठी नेमलेला' एवढाच अर्थ आहे. काम झालं की नाही, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे.

पुढे अपेक्षा वाढत गेल्या आणि फाटेही फुटले. शलमोनाची स्तोत्रं म्हणून जी रचना आहे (इ.स.पू. पहिलं शतक, रोमी सेनापती पोंपेने यरुशलेम घेतल्यानंतरची), तिच्या १७व्या स्तोत्रात दावीदाचा पुत्र राजा होऊन परकीयांना हुसकावतो. मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या गुंडाळ्यांमध्ये मात्र दोन मशीहांची वाट पाहिलेली आहे, एक अहरोनाचा म्हणजे याजक आणि एक इस्राएलचा. आणखी एका तुकड्यात मशीहाच्या काळी जखमी बरे होतात, मेलेले उठतात. दानिएलाच्या पुस्तकात मेघांवरून येणारा मनुष्यपुत्रासारखा कुणीतरी आहे.

त्यामुळे 'यादी होती आणि बसली नाही म्हणून नाकारलं' हे मला पटत नाही. यादी एक नव्हतीच. कोणी राजा शोधत होतं, कोणी याजक, कोणी मोशेसारखा संदेष्टा. आणि पुष्कळ लोक कोणालाच शोधत नव्हते. मंदिराचा कारभार ज्यांच्या हाती होता त्या सदूकी घराण्यांना कोणताही मशीहा म्हणजे रोमी सैन्य दारात, एवढंच दिसत असणार.

---

सकाळची_लोकल

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. चमत्कार केला तर पुरावा झाला ना? मग नाकारायचं कारण काय?

---

शब्दवेडी

बाळबोध अजिबात नाही, हाच कळीचा मुद्दा आहे. अनुवाद (तोराहचं पाचवं पुस्तक) याच्या १३व्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे: एखाद्याने चिन्ह दाखवलं, ते खरंही ठरलं, पण तो तुम्हाला दुसऱ्या देवांमागे नेत असेल तर त्याचं ऐकू नका, ती तुमची परीक्षा आहे. आणि १८व्या अध्यायात उलट बाजू: त्याने देवाच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही, तर तो शब्द देवाचा नव्हता. म्हणजे धर्मशास्त्र ऐकून वाढलेल्या माणसाला चमत्कार पुरेसा नव्हता. चमत्कार करणारा तुम्हाला कुठे नेतोय, ते आधी बघायचं.

---

पापडी_वसई

मी ख्रिस्ती, वसईचा. या विषयावर लिहायला थोडा कचरत होतो. पण धाग्याचा सूर चांगला आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडे पवित्र आठवड्यात दु:खसहनाची कथा वाचली जाते. लहानपणी ती ऐकताना मनात एकच प्रश्न यायचा, 'हे लोक इतके आंधळे कसे?' कोणी तसं शिकवलं नव्हतं, पण ऐकता ऐकता ते मनात बसतं. मोठेपणी जुना करार नीट वाचायला घेतला तेव्हा अनुवाद २१:२३ समोर आलं: झाडावर टांगलेला देवाच्या शापाखाली असतो. ती ओळ वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. क्रूसावर टांगलेला माणूस दावीदाचा राजपुत्र आहे असं सांगणाऱ्याला तो श्रोता काय म्हणणार? संत पौल स्वतः कबूल करतो की क्रूसावरचा ख्रिस्त यहूद्यांना अडखळण आहे. तो हे बाहेरून सांगत नाही, तो स्वतः परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला, होता आणि आधी मंडळीचा छळ करत होता.

गालीलचा मुद्दाही शुभवर्तमानातच आहे. योहानाच्या ७व्या अध्यायात लोक वाद घालतात, 'ख्रिस्त गालीलातून येतो काय? तो तर दावीदाच्या वंशातला, बेथलेहेमातून यायचा.' ही माणसं दुष्ट नाहीत. ग्रंथ माहीत असलेली, प्रामाणिक माणसं आहेत.

आणि एक गोष्ट विसरली जाते. स्वीकारणारेही सगळे यहूदीच होते. पेत्र, योहान, मरिया, याकोब. त्यांच्यासाठी निर्णायक ठरलं ते पुनरुत्थान. कबरेत काय झालं याबद्दल त्यांची खात्री नसती, तर क्रूसानंतर ती मंडळी तिथेच विखुरली असती. माझी श्रद्धा त्याच साक्षीवर उभी आहे. पण ज्यांनी ती साक्ष मानली नाही त्यांना शतकानुशतकं जे भोगावं लागलं, त्याची मला लाज वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट सांगितलं की येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सरसकट सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर ठेवता येणार नाही. ते सांगायला इतका उशीर व्हायला नको होता.

---

रेवदंडा_पाखाडी (धागाकर्ता)

वसईकर दादा, मनापासून आभार. हे तुम्हीच लिहू शकत होतात.

त्या काळात येशू एकटे नव्हते, हेही नोंदवतो. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस, त्याच्या इतिहासात अशा माणसांची रांग आहे. थ्यूदास नावाचा एक जण (साधारण इ.स. ४५) लोकांना घरदार, सामानसुमान घेऊन यार्देन नदीवर घेऊन गेला. माझ्या शब्दावर नदी दुभंगेल, म्हणाला. रोमी घोडदळ आलं, थ्यूदासाचं मुंडकं यरुशलेमात नेलं गेलं. काही वर्षांनी 'मिसरी' म्हणून ओळखला जाणारा एक संदेष्टा हजारो लोकांना जैतुनांच्या डोंगरावर घेऊन गेला. तिथून आज्ञा करताच यरुशलेमचा तट कोसळेल, असं त्याचं सांगणं. रोमी सुभेदार फेलिक्सच्या सैन्याने लोक कापले, तो स्वतः निसटला.

जागा बघा. यार्देन दुभंगणं आणि तट कोसळणं, दोन्ही यहोशवाच्या, म्हणजे मोशेनंतर लोकांना वचनदत्त देशात नेणाऱ्या पुढाऱ्याच्या, गोष्टी. मागे जाणाऱ्यांना तमाशा बघायचा नव्हता. आपल्या पूर्वजांना देश मिळाला तेव्हाची घटना पुन्हा सुरू होतेय, आणि आपण तिथे असायला हवं, असं त्यांना वाटलं. सामान घेऊन निघाले यावरून कळतं की परत यायचं ठरलंच नव्हतं.

जोसेफस या सगळ्यांना भोंदू म्हणतो. पण तो वाचताना हे लक्षात ठेवायला हवं की त्याने स्वतः रोमनांना शरण गेल्यावर सेनापती वेस्पासियनला 'तू सम्राट होशील' असं भाकीत सांगितलं होतं, आणि पूर्वेकडून जगाचा राजा येईल हे यहूद्यांचं भाकीत त्याने वेस्पासियनलाच लावलं. तो लिहीत होता रोममध्ये, त्याच घराण्याच्या आश्रयाने.

---

कागदपत्रे

एक आक्षेप नोंदवतो, राग नसावा.

अकिवा आणि बेन तोर्ता यांचा संवाद यरुशलेमी तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, येतो. तो ग्रंथ बंडानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी सिद्ध झाला. तेव्हा निकाल सगळ्यांना ठाऊक होता. बेन तोर्ताचं वाक्य इतकं धारदार का आहे, याचा विचार करताना हे अंतर डोळ्यांआड करू नये.

दुसरं. बर कोसिबाची स्वतःची पत्रं सापडली आहेत. त्यांत तो स्वतःला कुठेही मशीहा म्हणत नाही. 'शिमोन, इस्राएलचा नासी' म्हणतो. नासी म्हणजे अधिपती. आता यहेज्केलाच्या पुस्तकात येणाऱ्या दावीदी राजाला नासीच म्हटलं आहे, त्यामुळे शब्द अगदी निष्पाप नाही हेही मान्य. पण दावा केला कोणी, त्याने की लोकांनी, हा प्रश्न उघडा राहतो. आणि तो दावीदाच्या वंशातला होता असंही त्या पत्रांत काही नाही. अकिवांनी वंशावळ न विचारता तारा पाहिला असेल, तर मग वंशावळ कितपत महत्त्वाची होती?

---

रेवदंडा_पाखाडी (धागाकर्ता)

आक्षेप रास्त आहे, राग कसला. पत्रांचा विषय निघालाच आहे तर एक पत्र सांगतोच. या धाग्यात मला सर्वांत जवळचं वाटतं ते हेच.

१९६० मध्ये यिगाएल यादीन यांच्या पथकाला मृत समुद्राजवळ नहाल हेवरच्या कड्यातल्या गुहेत पत्रांचं पुडकं सापडलं. चामड्याच्या पखालीत, बाईमाणसाच्या सामानाबरोबर, लोकरीच्या गुंड्या वगैरेंच्या सोबतीला. त्यातल्या एका पत्रात शिमोन एका माणसाला कळवतो की मी दोन गाढवं पाठवतोय. ती योनाथान आणि मसबला या आपल्या माणसांकडे एन गेदीला पाठव, ते त्यांवर खजुराच्या झावळ्या आणि महाळुंग लादून छावणीत पाठवतील. तू तुझ्याकडून आणखी माणसं पाठवून मर्टल आणि वाळुंजाच्या डहाळ्या आणव. दशांश नीट काढलेला असू दे. लोक पुष्कळ आहेत.

मांडवांच्या सणाला लागणाऱ्या चार वस्तू आहेत या. रोमी सैन्य अंगावर येतंय, आणि हा माणूस छावणीतल्या प्रत्येकाच्या हातात सणाला झावळी आणि महाळुंग हवं म्हणून गाढवांची तजवीज करतोय. दशांशासकट. कागदपत्रे यांनी विचारलेल्या वंशावळीच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर इथे आहे. अकिवांनी कदाचित हे पाहिलं. लढणारे पुष्कळ असतात. लढताना नियम पाळणारा, पाळायला लावणारा राजा त्यांनी पहिल्यांदा पाहिला असेल.

दुसऱ्या पत्रात त्याच योनाथान आणि मसबलाला तो झापतो: तुम्ही बसून इस्राएलच्या घराण्याचं खाताय-पिताय आणि भावांची काही फिकीर नाही. म्हणजे आपल्याच माणसांत चालढकल सुरू झाली होती. एन गेदीच्या लोकांनी मशीहा नाकारला असं कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण रसद पाठवायला उशीर करणं हेही एक उत्तरच आहे.

---

शब्दवेडी

सुंदर! महाळुंग वाचून एकदम डोळ्यांपुढे आलं.

निकालानंतरच्या आठवणी मात्र फार कडू आहेत. एका कथेत तो सैनिकांची निष्ठा पारखायला त्यांना बोट तोडायला लावतो, आणि ज्ञानी विचारतात, 'इस्राएलच्या लोकांना कुठवर अपंग करणार?' लढाईला जाताना तो देवाला म्हणायचा म्हणे, 'मदत करू नकोस आणि आम्हाला खाली पाहायलाही लावू नकोस.' बेतार या त्याच्या शेवटच्या गडाच्या वेढ्यात रब्बी एलाझार मोदाई रोज उपास करून प्रार्थना करत होते. फितुरीच्या संशयावरून त्याने त्यांना लाथ मारून ठार केलं, आणि मग बेतार पडलं. बाबिली तालमुदात तर ज्ञानी त्याची परीक्षाच घेतात. यशयाच्या ११व्या अध्यायानुसार मशीहा डोळ्यांनी पाहून न्याय करणार नाही, वासावरून ओळखेल. याला ते जमलं नाही, म्हणून त्याला मारलं.

इतिहास म्हणून यातलं किती घ्यायचं ते कागदपत्रे यांनी ठरवावं. पण नाकारण्याची कारणं म्हणून या कथा लाखमोलाच्या आहेत. देवावाचून चालेल असं वाटणारा, आपल्याच माणसांचं अंग तोडणारा, प्रार्थना करणाऱ्याला मारणारा मशीहा नसतो. आणि नाव? कोसिबा हे खरं नाव. मानणाऱ्यांनी कोखबा केलं, तारा. नंतरच्यांनी कोझिबा केलं, खोटेपणाचा पुत्र. एका अक्षराचा फरक.

---

सकाळची_लोकल

मग अकिवांचं काय झालं?

---

जुनी_नाणी

रोमनांनी त्यांना हाल करून मारलं. लोखंडी कंगव्यांनी कातडी सोलली. तेव्हा सकाळच्या शेमा प्रार्थनेची वेळ होती, आणि 'देव एक आहे' यातला 'एक' हा शब्द लांबवत त्यांनी प्राण सोडला. मशीहाबद्दल ते चुकले हे तालमुदाने लपवलं नाही, आणि त्यांचा मानही काढून घेतला नाही. बाराव्या शतकात मायमोनिदीस नियम लिहायला बसले तेव्हा त्यांनी याच घटनेचा दाखला दिला: अकिवांनी आणि ज्ञान्यांनी त्याच्याकडे चिन्ह मागितलं नव्हतं, म्हणून मशीहाने चमत्कार केलेच पाहिजेत असं समजू नका. दावीदाच्या घराण्यातला राजा तोराह पाळतो, पाळायला लावतो, देवाच्या लढाया लढतो, तर तो मशीहा असेल असं धरून चालावं. मंदिर बांधलं, विखुरलेल्यांना गोळा केलं, तर तो नक्की मशीहा. मारला गेला, तर तो नव्हे. याच मायमोनिदीसांनी ११७२ च्या सुमारास येमेनच्या यहूद्यांना पत्र पाठवून तिथल्या एका दावेदाराबद्दल सावध केलं होतं.

धागाकर्त्याच्या मावशींचं उत्तर पुन्हा वाचा. जवळजवळ तेच आहे.

---

पापडी_वसई

क्रीटची गोष्टही यात यायला हवी. पाचव्या शतकात तिथे एक जण स्वतःला मोशे म्हणवू लागला. समुद्रातून कोरड्या पायांनी वचनदत्त देशात नेईन, म्हणाला. वर्षभर लोकांनी शेतीवाडी, धंदा सोडून दिला. ठरलेल्या दिवशी कड्यावर गेले, आणि पुढच्यांनी उड्या टाकल्या. कित्येक बुडाले. काहींना जवळच्या मच्छीमारांनी वर काढलं. हे वाचल्यावर ते मच्छीमार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. आमच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला कळेल.

---

रेवदंडा_पाखाडी (धागाकर्ता)

दादा, कळलं.

आज मावशींकडे पुन्हा जाऊन आलो. अकिवांची हकिगत सांगितली. त्यांच्या दिवाणखान्यात अग्निरथातून स्वर्गात जाणाऱ्या एलियाहूचं चित्र आहे. तो रथ आमच्या अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकाला टेकला होता अशी त्यांच्याकडची आठवण, खुरांच्या नि चाकांच्या खुणा दाखवतात. मावशींनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मानलं होतं त्या बायकापोरांचं पुढं काय झालं?"

डिओ आकडे देतो: ५० गड, ९८५ गावं, लढाईत पडलेले ५,८०,००० पुरुष. उपासमारीने नि रोगाने मेलेले वेगळे. मी ते सांगितले नाहीत. त्या गुहेतलं सामान सांगितलं. वर कड्यावर रोमी छावणी, खाली गुहेत हे लोक. आरसा, चपला, काशाची भांडी, बाबाथा नावाच्या एका बाईने नीट गुंडाळून ठेवलेले जमिनीचे, लग्नाचे, मुलाच्या पालकत्वाच्या खटल्याचे ३५ कागद. आणि घरांच्या किल्ल्या. दारं लावून, किल्ल्या सोबत घेऊन आले होते ते.